'पीस ऑन अर्थ' ठेवायचं की गाळायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही पाच जण यूटू या आयरिश रॉक बँडच्या गाण्यांचा दोन तासांचा कार्यक्रम बसवताय. बाकी यादी ठरली, पण 'पीस ऑन अर्थ'वरून फाटलंय. दोघं म्हणतात, हे अल्बममधलं सगळ्यात रडकं गाणं आहे, लोक उठून जातील. दोघं म्हणतात, हेच सगळ्यात खरं गाणं आहे, हे नसेल तर कार्यक्रमाला अर्थ नाही. पाचवे तुम्ही, आणि गायचं तुम्हालाच आहे. बरोबर कोण, आणि वाजवायचं झालं तर कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी तीसेक वर्षं गिटार वाजवतोय, त्यातली बरीचशी दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात गेली. पोट रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगवर चालतं. हे गाणं आम्ही तीन वेळा स्टेजवर केलंय. एकदा साफ पडलं, एकदा छान झालं, आणि एकदा लोकांना आवडलं पण मला नंतर लाज वाटली. उत्तर हवं असेल तर वाजवा. पण कुठे वाजवता यावर सगळं आहे, आणि ते कळायला हे भांडण मुळात का होतं ते बघावं लागेल.

भांडण तुमच्या ग्रुपपुरतं नाही. २००० सालच्या ऑक्टोबरअखेरीस हे गाणं असलेला 'ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड' हा अल्बम आला, तेव्हापासून यूटूचे चाहते या गाण्यावरून दोन तटांत आहेत. त्या अल्बमची बांधणीच अशी आहे की पहिली चारही गाणी सिंगल म्हणून, म्हणजे सुटी सुटीही, निघाली: 'ब्यूटिफुल डे', 'स्टक इन अ मोमेंट', 'एलिव्हेशन', 'वॉक ऑन'. म्हणजे जेवणाच्या सुरुवातीलाच सगळी पक्वान्नं वाढून झाली. सातवं 'वाइल्ड हनी' हलकंफुलकं, पाय हलवत ऐकायचं. ते संपतं आणि आठव्या नंबरला हे महाशय येतात, चेहरा पाडून. ज्यांचा पाय अजून हलतोय त्यांना राग येणारच.

मीही पहिलं वर्षभर गाणं ओलांडणाऱ्यांतलाच होतो. कॅसेटवर ओलांडणं सोपं नव्हतं. फॉरवर्ड दाबायचं आणि अंदाजाने थांबायचं. मी दर वेळी पुढच्या गाण्याच्या मध्येच कुठेतरी उतरायचो.

दुसरी अडचण नावाची. 'पृथ्वीवर शांती' हे शब्द ख्रिस्तजन्माच्या कथेतले, देवदूतांच्या तोंडचे. नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापतात ते. त्यामुळे ऐकणारा मेणबत्ती लावून बसतो. आपल्याकडे शांतीचं गाणं म्हटलं की पसायदान डोळ्यांपुढे येतं, तसंच. आणि ऐकू काय येतं, तर कंटाळलेला, वैतागलेला माणूस म्हणतोय की हे शब्द पुरे झाले, दर नाताळात तेच ऐकतोय. ज्याला प्रार्थना हवी होती तो म्हणणार, हे काय रडगाणं. मला विचाराल तर गाण्यावरचे निम्मे आक्षेप नावावरचे आहेत.

आता हा वैताग कुठून आला ते सांगतो, कारण तुमच्या ग्रुपमधल्या 'रडकं' म्हणणाऱ्यांना बहुधा एवढंच माहीत असेल की कुठेतरी बॉम्ब फुटला होता.

१० एप्रिल १९९८ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, उत्तर आयर्लंडचा शांतता करार झाला. ब्रिटनसोबत राहू पाहणारे (बहुतेक प्रोटेस्टंट) आणि आयर्लंडशी जोडू पाहणारे (बहुतेक कॅथलिक) यांच्यातल्या तीस वर्षांच्या रक्तपातानंतर. त्यावर २२ मे रोजी सार्वमत होतं. तीन दिवस आधी, १९ मे ला, बेलफास्टच्या वॉटरफ्रंट हॉलमध्ये यूटूने अ‍ॅश या तिथल्या बँडसोबत कराराच्या बाजूने कार्यक्रम केला. यूटूचा गायक बोनो याने दोन विरुद्ध बाजूंचे नेते, डेव्हिड ट्रिंबल आणि जॉन ह्यूम, स्टेजवर आणले आणि दोघांचे हात धरून वर उचलले. रेगे गायक बॉब मार्लेने १९७८ मध्ये जमैकात दोन वैरी पुढाऱ्यांबाबतीत जे केलं होतं, तेच. उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं.

तीन महिनेही झाले नव्हते. १५ ऑगस्ट १९९८, शनिवार, दुपारचे तीन वाजून गेलेले. ओमा नावाच्या गावात बाजारपेठेत मोटारबॉम्ब फुटला. (स्पेलिंग बघून 'ओमाघ' म्हणू नका, शेवटचा घ उच्चारत नाहीत.) आयआरए या सशस्त्र संघटनेतून फुटलेल्या, करार अमान्य असलेल्या 'रिअल आयआरए' या गटाचं काम. आधी फोन करून इशारे दिले होते, पण ते कोर्टाच्या इमारतीकडे बोट दाखवणारे. पोलिसांनी लोकांना तिथून हटवलं, आणि हटवलेले लोक नेमके बॉम्बच्या मोटारीजवळ जाऊन उभे राहिले. २९ माणसं गेली, शिवाय त्यांतल्या एका बाईच्या पोटातली जुळी. कॅथलिक गेले, प्रोटेस्टंट गेले, स्पेनहून आलेले पाहुणे गेले, लहान मुलं गेली.

आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन आणि जिलबी. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीमुळे १६ ऑगस्टला बहुतेक पेपर निघत नाहीत, त्यामुळे माझ्यासारख्या, टीव्हीवरच्या बातम्या न बघणाऱ्या माणसाला ही बातमी आली ती शिळी होऊन, कुठल्या तरी आतल्या पानावर. गाणं ऐकताना दोन वर्षांनीही मला ती आठवली नव्हती.

बोनोने नंतर सांगितलंय की गाण्याचे शब्द त्याने स्फोट झाला त्याच दिवसात लिहिले. हे लक्षात घेतलं की सूर वेगळा ऐकू येतो. हा कुणी लांबून सहानुभूती दाखवणारा माणूस नाही. याने तीन महिन्यांपूर्वी स्वतः हात वर करून लोकांना 'आता शांतता येणार' असं सांगितलं होतं. गाण्यातली चीड देवावर आहे, मारणाऱ्यांवर आहे, पण बरीचशी त्या वर केलेल्या हातांवरही आहे, असं मला वाटतं. शेमस हीनी या आयरिश कवीने १९९० च्या एका नाटकात लिहिलं होतं की आयुष्यात एखाद्या वेळी आशा आणि इतिहास यांचं यमक जुळतं. ही ओळ तिथे इतकी गाजली की अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन १९९५ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात आले तेव्हा त्यांनी भाषणात म्हटली. म्हणजे आपल्याकडे सभेत कुसुमाग्रज म्हणतात तशी. बोनोने गाण्यात ती ओळ उचलली आणि उलटी केली: यमक जुळत नाहीये. आयरिश कानाला हा टोला लगेच कळतो. आपल्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, मग आपण म्हणतो शब्द सामान्य आहेत.

देवाला उद्देशून बोलणं हाही वादाचा मुद्दा. श्रद्धाळू चाहत्यांतल्या काहींना ते उद्धट वाटतं आणि देव न मानणाऱ्यांना कीर्तन वाटतं. मराठी माणसाला मात्र ते परकं वाटायचं कारण नाही. जनाबाई विठोबाला घरच्या पोराला द्याव्यात तशा शिव्या घालते. तुकोबा 'माझे लेखी देव मेला' इथपर्यंत जातात. तो अभंग ऐकून कुणी तुकोबांना रडका म्हणत नाही.

इथवर मी गाण्याची वकिली केली. आता दुसऱ्या बाजूचं जे मला पटतं ते सांगतो, कारण ते धंद्यातलं आहे.

रेकॉर्डिंग शब्दांना साथ देत नाही. ब्रायन इनो आणि डॅनियल लॅन्वा यांची निर्मिती, त्यामुळे आवाज सुंदरच आहे, पण इथे तो सुंदरपणाच नडतो. बोनो खालच्या पट्टीत, माइकच्या अगदी जवळून, बोलल्यासारखा गातो. मागे ऊबदार, वाफेसारखा सुरांचा थर. ठेका आज्ञाधारक, कुठेही अंगावर येत नाही. चिडलेल्या माणसाच्या अंगावर कुणी मऊ शाल टाकावी आणि 'बस, बस' म्हणावं, तसा सगळा वाद्यवृंद वागतो. जो शब्द पकडतो त्याला चीड ऐकू येते, जो चालीवर ऐकतो त्याला अंगाई. आणि खरं सांगायचं तर आपण इंग्रजी गाणी आधी चालीवरच ऐकतो, शब्द मागाहून कुठूनतरी मिळतात. तुमच्या चौघांचं भांडण मला इथलं वाटतं. चौघं एकच ट्रॅक ऐकताय, पण त्याचे वेगवेगळे थर. मी मिक्सला बसलो असतो तर दुसऱ्या कडव्यापासून तो मागचा थर तीनेक डेसिबल खाली ओढला असता. इनोला सांगायची माझी लायकी नाही हे मान्य, पण फेडरकडे, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीकडे, हात जातोच.

शेजारी १९८३ चं 'संडे ब्लडी संडे' ठेवून बघा. विषय तोच: डेरीत ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर केलेला गोळीबार, त्याच दिवशी १३ जण गेले. पण तिथे यूटूचा ड्रमर लॅरी मलन याचा स्नेअर ड्रम लष्करी संचलनासारखा चालतो आणि रागाला हातपाय मिळतात. त्यामुळे बरेच चाहते म्हणतात, शांततेवर गाणं करायचं तर असं करा. बरोबर आहे, पण ते गाणारा पोरगा बाविशीतला होता. ओमाच्या वेळी तो अडतीस वर्षांचा. मधल्या काळात उत्तर आयर्लंडमध्येच एन्निस्किलनचा बॉम्बस्फोट झाला, बाकीही बरंच झालं. अडतिसाव्या वर्षी तोच राग त्याच आवाजात आला असता तर मला तो नाटकी वाटला असता. थकवा हा या गाण्याचा दोष आहे की विषय, याचं उत्तर मी वयानुसार बदललंय.

बँडला स्वतःलाही अडचण कळली असावी, कारण त्यांनी स्टेजवर ती सोडवली. ११ सप्टेंबर २००१ नंतर दहा दिवसांनी अमेरिकेत मदतनिधीसाठी दूरचित्रवाणीवर मोठा कार्यक्रम झाला. यूटूने त्यात लंडनहून भाग घेतला. त्यांनी 'पीस ऑन अर्थ'चा तुकडा गायला आणि थेट 'वॉक ऑन'मध्ये शिरले. मग त्या शरदातल्या अमेरिकेच्या दौऱ्यातही ही जोडी वाजवत राहिले. रेकॉर्डवर जे गाणं खाली बसून राहतं, त्याला उठून चालायला जागा मिळाली. ही युक्ती त्यांची जुनीच. १९९७ च्या दौऱ्यात 'प्लीज' हे असंच काळं गाणं ते 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'ला जोडायचे, मधल्या जागेत लॅरी तो 'संडे'वाला लष्करी ठेका वाजवायचा. त्या जोडणीची रेकॉर्डिंग मिळवून ऐका. तालमीआधी एवढा एकच गृहपाठ देतो.

आता आमचे तीन प्रसंग.

पहिला एका इंजिनियरिंग कॉलेजच्या मैदानावर. आम्ही शहाणपणा केला की 'एलिव्हेशन'वर पोरं नाचून दमतील, मग श्वास घ्यायला हे गाणं देऊ. दिला श्वास. पोरांनी तो पावभाजीच्या गाडीवर जाऊन घेतला. दुसऱ्या कडव्यात मला स्टेजवरच्या माझ्या मॉनिटर स्पीकरपेक्षा तव्यावरच्या उलथन्याची टकटक स्पष्ट ऐकू येत होती, आणि शपथेवर सांगतो, ती आमच्या ड्रमरपेक्षा तालात होती.

दुसऱ्या वेळी दीडशे खुर्च्यांचं बंदिस्त सभागृह. तिथे 'वॉक ऑन'ची जोडणी केली. ड्रमरला सांगितलं, पहिली दोन कडवी हात मांडीवर ठेव. तो म्हणाला, 'मग मी काय करू तिथे?' म्हटलं, ऐक. नुसती एक गिटार आणि आवाज. तिसऱ्या कडव्याला बेस आला, तोही लांब, उभे सूर. ड्रम एकदम 'वॉक ऑन'लाच. मागची ती सगळी मऊ शाल काढून टाकल्यावर शब्द उघडे पडले. लोकांना शब्द येत नव्हते, पण कुणी मोबाइल काढला नाही. नंतर दोघं-तिघं गाण्याचं नाव विचारायला आले. अल्बम घरात असलेले.

तिसरा प्रसंग सांगायला मला अजून जड जातं. २६/११ ला वर्ष होत होतं. गाण्यात एक कडवं आहे, त्यात ओमात गेलेल्यांपैकी पाच जणांची पहिली नावं येतात. आम्ही ठरवलं, इथल्या श्रोत्यांना ती नावं काय कळणार, त्याजागी मुंबईची पाच नावं घालू. पेपरातली यादी घेऊन बसलो. चालीत बसणारी नावं निवडली. कार्यक्रमात त्या कडव्याला सभागृह सुन्न झालं, काहींचे डोळे भरले. आम्ही खूष.

वायरी गुंडाळत होतो तेव्हा पन्नाशीचे एक गृहस्थ आले. कार्यक्रम आवडल्याचं म्हणाले. मग विचारलं, "ती पाच नावं कुणी काढली?" मी म्हटलं, आम्हीच. "पाचच का?" मी खरं ते सांगितलं, की ओळीत तेवढीच मावतात, आणि लहान नावं बघून घेतली. ते म्हणाले, "माझा धाकटा भाऊ २००६ च्या लोकलच्या स्फोटात गेला. त्याचं नाव पाच अक्षरी होतं. नसतंच बसलं." आवाज जराही चढलेला नव्हता. नमस्कार करून गेले.

पुढे मला कळलं की चाहत्यांमधला एक जुना आक्षेप हाच आहे: २९ जणांतली पाच का? मेलेल्यांची नावं गाण्यात घालून टाळ्या घ्यायच्या का? आधी मला हा आक्षेप खुसपट वाटायचा. आता वाटत नाही. बोनोच्या बाजूने एवढं म्हणता येईल की ती नावं त्याच्या देशात बातम्यांत वाचली जात होती, सगळा देश ऐकत होता, आणि त्याने ती त्याच दिवसांत कागदावर घेतली. आम्ही वर्षभराने, चहा पीत, अक्षरं मोजून घेतली. हा फरक मला मोठा वाटतो. पण त्या गृहस्थांचा प्रश्न बोनोलाही लागू पडतो, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून नावं बदलू नका. मूळचीच गा, आणि उच्चार नीट शिका. पाचांत आयरिश धाटणीची नावंही आहेत, ती स्पेलिंगप्रमाणे वाचली तर हमखास चुकतात. ते कडवं गाळायचं असेल तर गाळा, त्या जागी फक्त गिटार राहू द्या, तेही चालेल. गाण्याआधी भाषण नको. 'हे गाणं जगातल्या सर्व हिंसाग्रस्तांना' वगैरे म्हणालात की लोक मनातल्या मनात चहाला जातात. '१५ ऑगस्ट १९९८, ओमा, उत्तर आयर्लंड' एवढंच म्हणा. तारखेनेच इथले लोक मान वर करतात.

तुमच्यातल्या कुणीतरी सुचवलंय की त्यापेक्षा यूटू आणि ए. आर. रहमान यांचं 'अहिंसा' घ्या, आपल्या लोकांना जवळचं वाटेल. १५ डिसेंबर २०१९ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यूटू आले तेव्हा मी होतो. सुरुवातच 'संडे ब्लडी संडे'ने केली, आणि शेवटाकडे ए. आर. रहमान आले, दोघांचं ते एकत्र गाणं झालं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण घरी येताना लोकलमध्ये लोक जे गुणगुणत होते त्यात ते नव्हतं. त्या गाण्यावर कुणाचं भांडणही होत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये चौघांनी दोन रात्री जागून ज्याच्यावर वाद घातला ते हेच गाणं आहे, तेव्हा तेच वाजवा.

बाकी तालमीपुरतं. पट्टी तुमच्या आवाजाला एक-दोन सुरांनी वर घ्यायचा मोह होईल, घेऊ नका. खाली घुसमटलेला आवाजच इथे हवा आहे. गिटारवर डिले (सुरामागून येणारा प्रतिध्वनी) कमी ठेवा, रिव्हर्ब (आवाजाची घुमार) त्याहून कमी. कार्यक्रमाच्या शेवटून तिसऱ्या-चौथ्या जागी ठेवा, कुठल्याही नाचाच्या गाण्यानंतर लगेच नको. आणि संपल्यावर 'थँक यू' म्हणायचं नाही. ड्रमरने काठ्या आपटून काउंटही द्यायचा नाही. गिटारवाल्याने एकट्याने 'वॉक ऑन' सुरू करायचं. मधल्या शांततेला आम्ही चार ठोके ठरवले होते. प्रत्यक्षात आठ झाले, कारण गायकाला पाण्याचा घोट घ्यायचा होता. आठच ठेवा.